रंग सर्वांत शेवटी

आमच्या भूशास्त्र विभागात खडकांचे नमुने ठेवायला कपाटे आहेत, किस्से ठेवायला नाहीत. त्यामुळे ते चहाच्या टेबलावर पडून राहतात आणि त्यांचा ढीग होत जातो. एक उचलला की खालचे दोन घसरतात.

मी स्वतः किस्से सांगणारा नव्हे. वर्गात विनोद करणे मला मान्य नाही आणि वर्गाबाहेर तो मला साधत नाही. परंतु गेल्या महिन्यात प्राचार्यांनी प्रत्येक विभागाकडून एक पान मागवले. ऑनलाइन शिक्षणाचा विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कामगिरीवर परिणाम अनुकूल झाला की प्रतिकूल, एवढेच स्पष्ट लिहायचे होते. मी पहाटे पूजा आटोपून, मन स्थिर करून बसलो. ‘अनुकूल’ लिहिले की एक प्रसंग आठवे आणि शब्द खोडावा लागे. ‘प्रतिकूल’ लिहिले की दुसरा आठवे.

माझ्या सहकारी घाटे मॅडम यांनी तो कागद पाहिला. त्या अस्सल नागपूरच्या. बोलणे भराभर, त्यात आडपडदा नाही. म्हणाल्या, “सर, पान राहू द्या. किस्सेच पाठवून द्या. आपल्याले काहून समजून नाही राहिलं, ते तरी साहेबांना समजन.”

म्हणून हे लिहितो. निष्कर्ष काढण्याची जबाबदारी मी घेत नाही.

*

तास सुरू करण्यापूर्वी मी डोळे मिटून मनातल्या मनात एक स्तोत्र म्हणतो. नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचा हा नेम आहे. वर्गातली मुले तेवढा वेळ आवाज खाली आणतात. कोणी त्यांना तसे सांगितलेले नाही. वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे ते आपोआप जाते.

टाळेबंदी आली आणि बी.एस्सी. प्रथम वर्षाचा पहिला तास मला घरातून, लॅपटॉपसमोर घ्यावा लागला. मुले नवी. त्यांनी मला कधी पाहिलेले नव्हते, मी त्यांना पाहिलेले नव्हते. नेमाप्रमाणे मी डोळे मिटले. स्तोत्र पूर्ण झाल्यावर उघडले, तर वर्ग रिकामा!

पडद्याच्या कडेला मुलांचे निरोप उरले होते. ‘सर हँग झाले.’ ‘हो न, फोटोच होऊन गेला सरांचा.’ ‘नेट गेलं असन, चला.’

एकच नाव शिल्लक होते, सुजाता. चित्र नव्हते, फक्त नाव. मी तिला विचारले, सगळे गेले, तू कशी थांबलीस?

ती म्हणाली, “सर, मले तं तुम्ही पहिलेपासून दिसलेच नाही. कोराडीले नेट कमी आहे, नुसता आवाज येते. आवाज थांबला तं मले वाटलं, तुम्ही विचार करून राहिले.”

त्या दिवशी मला वर्गाकडून मिळालेला सर्वांत समंजस प्रतिसाद तोच होता, आणि तो देणाऱ्या मुलीने मला पाहिलेलेच नव्हते.

*

ज्या विद्यार्थिनीला पडद्यावर काही दिसतच नाही तिला खडक कसा शिकवावा, हा प्रश्न मी फार दिवस बाळगला. शेवटी एक क्रम ठरवला. नमुना हातात घेऊन मी आधी वजन सांगे. मग स्पर्श, मग कडा, मग वास, मग नखाने ओरखडा पडतो की नाही. रंग सर्वांत शेवटी. रंग फसवतो, एकाच खनिजाचे पाच रंग असतात आणि पाच खनिजांचा एक. मुलांनीही हाताशी असेल तो दगड घ्यावा आणि माझ्याबरोबर तपासावा, असा माझा आग्रह असे. पुढे पुढे मी त्यांना दगड गोळा करण्याची यादीच दिली. बांधकामावर, फरशीच्या दुकानात, रेल्वेच्या रुळांकडेला काय काय सापडेल ते त्यात होते.

या काळात एकदा मी सांगितले, घरातले एक खनिज शोधा आणि त्याचे गुणधर्म सांगा. कळमन्याचा हिमांशू सर्वांत पुढे. त्याच्या वडिलांची धान्याची अडत आहे. मुलगा हुशार आणि नम्र. कॅमेरा कायम सुरू. त्याने सैंधव मिठाचा खडा दाखवला. तो फुटतो कसा, असे मी विचारले. हिमांशू खड्याकडे पाहत राहिला.

पडद्याबाहेरून एक बाई बोलल्या, “बत्त्यानं फोडला का चौकोनी तुकडे पडते त्याचे. अन् पावसाळ्यात त्याले पाणी सुटते, म्हणून बरणीचं झाकण घट्ट लावा लागते.”

हिमांशूने हे सगळे शब्दशः म्हणून दाखवले, झाकणासह. उत्तर पूर्ण बरोबर होते. मी पूर्ण गुण दिले आणि मग दिवसभर विचार करत बसलो की ते कोणाला दिले.

त्याच तासाला सुजाताने दगडी कोळशाचे वर्णन केले. हातात घेतल्यावर दिसतो त्यापेक्षा हलका वाटतो, बोटे काळी करतो, कडा धारदार असूनही दाबल्या की चुरतात. तिचा खडा मला दिसला नाही. तिलाही पूर्ण गुण दिले.

पुढच्या आठवड्यात मी हिमांशूला अभ्रकाविषयी विचारले. तो अगदी शांतपणे म्हणाला, “सर, दोन मिनिटं थांबता का? आई बाजारात गेली आहे.”

*

दोन वर्षांनी वर्ग भरले. मुले समोर बाकांवर बसली. मी स्तोत्र म्हटले, डोळे उघडले, सगळी जागेवर होती. देवाची कृपा, असे मनात म्हणून मी शिकवायला सुरुवात केली.

तास संपल्यावर हिमांशू टेबलाजवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. म्हणाला, “सर, तुमची तब्येत बरी नाही काय?”

मी म्हटले, उत्तम आहे. का?

“नाही, म्हणजे तुम्ही फार हळू बोलून राहिले. घरी कोणी आहे न सोबत?”

चौकशीअंती समजले की माझी ध्वनिमुद्रित व्याख्याने अर्धा वर्ग दुप्पट वेगाने ऐकत असे. त्यांना माहीत असलेला मी भराभर बोलणारा, उत्साही मनुष्य होतो. समोर आलेला मनुष्य त्यांना आजारी वाटला. हे मी खेदाने घाटे मॅडमना सांगितले. त्या म्हणाल्या, “माझ्याबद्दल तं कोणी काही नाही बोललं. मी त्याहीले बरोबर वाटते म्हणे.”

दुप्पट वेगाने ऐकणाऱ्यांचे लेखी गुण इतरांपेक्षा चांगले आले होते. हेही मी प्राचार्यांच्या कागदावर लिहिले आणि खोडले.

*

मग प्रात्यक्षिके सुरू झाली. पहिल्या दिवशी मी नमुन्यांचा ट्रे पुढे ठेवला आणि हिमांशूने एकामागून एक सगळे खडक ओळखले. नजर टाकली की नाव. मला समाधान वाटले. हातात न घेता इतके ओळखतो, तर तयारी पक्की आहे.

मी विचारले, हा पट्टिताश्म तू कशावरून म्हणालास?

“सर, ऑनलाइनमध्ये तो तुमच्या अंगठ्याजवळ राहायचा.”

मी दोन वर्षे तोच ट्रे, तसाच, डाव्या हातात धरून दाखवला होता. मुलांनी खडक नव्हे, ट्रे पाठ केला होता. मी तिथल्या तिथे नमुन्यांच्या जागा बदलल्या. वालुकाश्मापासून बेसाल्टपर्यंत एकही नाव कोणाला सांगता येईना.

मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटले, “सर, हे तं आउट ऑफ सिलॅबस झालं.”

*

भूशास्त्रात छायाचित्र घेताना खडकाशेजारी एक नाणे ठेवतात. खडक केवढा आहे हे पाहणाऱ्याला कळावे, एवढाच उद्देश. माझ्या प्रत्येक छायाचित्रात ते असे. एका तासाच्या सुरुवातीला मी त्याचे कारणही सांगितले होते. पण सुरुवातीला कोण हजर असे?

शहराबाहेरच्या एका खाणीवर आम्ही सहलीला गेलो. काळ्या बेसाल्टचा उभा कडा. मुलांनी वही काढून आकृत्या काढाव्यात, असे मी सांगितले. एक विद्यार्थिनी बराच वेळ कड्यासमोर येरझाऱ्या घालत होती. काय शोधतेस, असे विचारले.

“सर, बेसाल्ट आहे म्हणता, पण ते गोल चकचकीत खनिज नाही दिसून राहिलं याच्यात.”

मी खिशातून नाणे काढून कड्यावर ठेवले आणि उद्देश पुन्हा समजावून सांगितला. तिने मान हलवली. मग निःशंक मनाने आकृती काढली, नाण्यासकट.

*

आता सुजाताविषयी.

ऑनलाइन वर्षांत ती वर्गात पहिली होती. तोंडी परीक्षाही फोनवर झाली. मी वर्णन करत असे आणि ती वाक्य पुरे होण्याआधी नाव सांगे. वर्ग भरले तेव्हा मी तिला प्रथम पाहिले. किरकोळ बांध्याची, शेवटच्या बाकावर बसणारी मुलगी. तिच्यासमोर नमुना ठेवला आणि ती गप्प झाली. दुसरा ठेवला, तरी गप्प. अंगठ्याजवळचा कोणता, हेही तिला माहीत नव्हते, कारण अंगठा तिने पाहिलेलाच नव्हता.

माझ्या मनात जे यायचे ते आले. तिला घरी कोणी सांगणारे होते काय? पण लेखी परीक्षा वर्गात, पर्यवेक्षकासमोर झाली आणि तीत तिला उत्तम गुण मिळाले. प्रात्यक्षिकात मात्र ती अनुत्तीर्ण. समोरच्या परीक्षकाने नमुने एकेक करून पुढे सरकवले, ती त्यांच्याकडे पाहत राहिली आणि वेळ संपली.

एम.एस्सी.ला तिला तात्पुरता प्रवेश मिळाला होता. पुरवणी परीक्षेत प्रात्यक्षिक सुटले तर तो कायम, नाही तर रद्द.

पुरवणीच्या आदल्या आठवड्यात तिचे वडील विभागात आले. कोराडीच्या कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात, राख वाहून नेणाऱ्या विभागात ते काम करतात. दारातच “जय भीम, सर” म्हणून त्यांनी हात जोडले. मी नमस्कार करून त्यांना बसवले. ते खुर्चीच्या कडेला बसले आणि टेबलावरच्या नमुन्यांवरून त्यांनी नजर फिरवली.

मग म्हणाले, “सर, पोरगी घरी दगडाशी बोलते अन् इथं मुकी होते. काहून?”

मी म्हटले, मलाही समजत नाही.

ते सांगू लागले. घरात खाटेखाली दगडांचे एक पिंप आहे. रुळाकडचे, बांधकामावरचे, नात्यातल्या कोणी कुठून आणलेले. माझा तास सुरू झाला की ती त्यातला एक घेऊन, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसे. आईला वाटे पोरगी झोपली. आई रागावे, ‘फोन चालू ठेवून झोपून राहिली काय वं?’ ती म्हणे, ‘ऐकून राहिली, आई.’

“यंदा नाही सुटली तं दगड सोडून देते म्हणते,” ते उठताना म्हणाले. “पिंप भरून ठेवलं आहे, सर. ते कोठी फेकू आता?”

मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलो. त्या संध्याकाळी देवासमोर मी त्या मुलीचे नाव घेतले. विद्यार्थ्यांचे गुण देवाकडे मागू नयेत, हा माझा नियम आहे. म्हणून मी फक्त नाव घेतले.

*

पुरवणी परीक्षेला बाह्य परीक्षक अमरावतीकडचे आले होते. वयस्कर, मितभाषी, काटेकोर. मला असे परीक्षक आवडतात. प्रश्न त्यांनी विचारायचे आणि मी शेजारी बसायचे. अंतर्गत परीक्षकाने तोंड उघडू नये, ही माझी स्वतःला लावलेली शिस्त आहे. आपल्या आवाजातूनही विद्यार्थ्याला मदत होते.

सुजाता आली. परीक्षकांनी पहिला नमुना पुढे सरकवला. ती पाहत राहिली. दुसरा सरकवला. तिसरा. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

मग ती म्हणाली, “सर, कॅमेरा बंद करू का?”

परीक्षकांनी खोलीत सगळीकडे नजर फिरवली. कॅमेरा नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते तिला म्हणाले, “करा.”

सुजाताने डोळे मिटले. ओंजळ पुढे केली. परीक्षकांनी थोडे थांबून पहिला नमुना तिच्या हातात ठेवला. ती तशीच बसून राहिली आणि डोळे न उघडता माझ्या दिशेने वळली.

“सर, तुम्ही विचारा न.”

मी परीक्षकांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. मी शिस्त मोडली. म्हटले, वजन?

“हलकं. साधं.”

स्पर्श?

“साबणासारखा. ओरखडाही पडते, नख रुतून राहिलं.” ती थांबली नाही. “शंखजिरे.”

दुसरा. वजन मध्यम, स्पर्श खरखरीत, कडेवरून बोट फिरवले की कण सुटतात. वालुकाश्म. तिसरा. जड, बारीक पोताचा, अंगावर बुडबुड्यांची भोके. बेसाल्ट. मी विचारीत होतो, ती सांगत होती. तिचा आवाज बदलला होता. फोनवर ऐकलेला तो आवाज मी ओळखला. मध्येच ती एका नमुन्याचा वास घेऊन हसली आणि म्हणाली, हा तर आमच्या घरचा, कोळसा.

परीक्षक पुढे झुकले होते. ट्रेमधला शेवटचा नमुना त्यांनी स्वतः निवडला. पांढरा, ओबडधोबड, दिसायला अगदी सामान्य. तो हातात पडताच तिचे मनगट खाली गेले.

मी विचारण्याआधीच ती म्हणाली, “एवढासा अन् एवढा जड. लोखंड नाही, गंज नाही लागत हाताले. बॅराइट.”

रंग विचारायची वेळ एकदाही आली नाही.

परीक्षकांनी कागद ओढला, गुण लिहिले आणि खाली सही केली. उत्तीर्ण होण्यास लागतात त्यापेक्षा ते बरेच अधिक होते. पेन हातात ठेवूनच ते तिला म्हणाले, “छान. आता डोळे उघडा.”

तिने डोळे उघडले. बॅराइट अजून तिच्याच हातात होता.

“आता सांगा. हा कोणता?”

ती त्याच्याकडे पाहू लागली. एका बाजूने पाहिला, दुसऱ्या बाजूने पाहिला, खिडकीच्या उजेडात धरला. मग नमुना हळूच ट्रेमध्ये ठेवून म्हणाली, “आता नाही सांगता येत, सर. पांढरे तं कितीतरी असते.”

परीक्षकांनी सही केलेल्या कागदाकडे पाहिले. नंतर माझ्याकडे. नंतर पेनाचे टोपण लावून ते खिशाला अडकवले.

“पुढचा विद्यार्थी पाठवा,” ते म्हणाले.